पेरणीआधी शंभर दाणे मोजा



मृग तोंडावर आला. नांगरट, वखरणी उरकली असेल. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं असेल. बियाण्याची पोती ओसरीवर येऊन पडली असतील. मला तुम्हाला एकच विचारायचंय. त्या पोत्यातल्या शंभर दाण्यांपैकी किती उगवतील?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "बघू, पेरल्यावर कळेलच."

मीही एका वर्षी हेच म्हणालो होतो. घरचंच सोयाबीन होतं. दाणा टपोरा, चकचकीत. पत्र्याच्या खोलीत छतापर्यंत थप्पी लावली होती. सगळा उन्हाळा ते तिथे तापलं. पाऊस चांगला झाला, पेरलं. आठव्या दिवशी बांधावर उभा राहिलो, तर ओळीत हात हात अंतरावर एक एक रोप. माती उकरून पाहिली. दाणा आत कुजला होता, बोटाने दाबला की पिठासारखा फुटायचा. दोष पावसाचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. शंभर दाणे मोजायला मला आठवडाभर आधी अर्धा तास मिळाला नव्हता, एवढंच. तो अर्धा तास दुबार पेरणीच्या खर्चात गेला. वर पेरणीचे दहा-बारा दिवसही गेले, आणि ते कुठलंच दुकान विकत देत नाही.

हे माझ्या एकट्याचं नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग लागला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. कोर्टात न्याय मिळतोही. पण गेलेला वाफसा मिळत नाही.

विद्यापीठं कशासाठी उभी राहिली

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना १९७२ चा दुष्काळ विचारा. खडी फोडायला गेलेली माणसं, कामावर वाटलेली सुकडी, रेशनवर मिळणारा परदेशी लाल मिलो. त्या मिलोची भाकरी धड थापता यायची नाही, आणि तरी तीच खावी लागायची. ज्वारीच्या मुलखात ज्वारीच नव्हती.

त्याच काळात आपल्याकडे चार कृषी विद्यापीठं उभी राहिली. राहुरीचं १९६८ ला, अकोल्याचं १९६९ ला, दापोली आणि परभणीची १९७२ ला. वाण काढायचे, ते तपासायचे आणि शेतकऱ्यापर्यंत पोचवायचे, हे त्यांचं काम. त्यांनी किती पोचवलं, कुठे कमी पडले, यावर वाद घाला. जरूर घाला. पण तुमच्या पैशांतून झालेलं बरंच काम तयार पडलंय, आणि त्यातलं पुष्कळसं फुकट आहे. आपणच ते ओसरीवर आणत नाही.

शास्त्रज्ञाने वाण चांगला काढला, तरी तुमच्या पोत्यातला दाणा जिवंत आहे की मेलेला, हे त्याला राहुरीत बसून कळत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागतं. म्हणून आधी तेच सांगतो.

शंभर दाण्यांची चाचणी

पेरणीच्या दहा-पंधरा दिवस आधी हे करा. घरातल्या शाळकरी पोरांना बसवा. त्यांना मोजायला आवडतं.

पोतं उघडून वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी काढा. नुसतं वरचं घेऊ नका. सगळं एकत्र करा आणि त्यातून शंभर दाणे मोजा. चांगले चांगले निवडायचे नाहीत. हाताला येईल तो दाणा घ्यायचा.

एक गोणपाट स्वच्छ धुवा आणि पिळून काढा. ओलं हवं, पण पाणी ठिबकता कामा नये. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. एकदम फार पाणी प्यालं की दाणा आतून फुटतो.

त्यावर दहा दाण्यांची एक ओळ, अशा दहा ओळी मांडा. दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवा. वरून दुसरं ओलं गोणपाट घाला आणि दोन्हींची हलकी गुंडाळी करा. ती सावलीत ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारा.

सोयाबीनची गुंडाळी सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. खाली सरळ मूळ, वर धडधाकट कोंब असेल तोच दाणा मोजा. नुसता फुगलेला, बुरशी आलेला, मोड तुटलेला मोजू नका. इथे मन मोठं करायचं नाही. तुम्ही मोजताना सोडून द्याल, पण शेत सोडून देणार नाही.

हीच चाचणी दोन-तीनदा केलीत आणि सरासरी काढलीत, तर आकडा पक्का होतो.

आता हिशेब. सोयाबीनचे शंभरातले ७० किंवा जास्त उगवले, तर एकरी ३० किलोचं नेहमीचं माप चालेल. ६० उगवले, तर एकरी ३५ किलो लागेल. ६० च्या खाली आले, तर ते बी नाही, धान्य आहे. मोंढ्यावर विका. रानात टाकू नका.

इतर पिकांच्या उगवणीचीही किमान प्रमाणं ठरलेली आहेत. भुईमूग ७०. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद ७५. हरभरा आणि गहू ८५. हे आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

विकत घेताना

घरचं बी वापरायला लाजू नका. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा आणि विकायचाही हक्क दिलाय. फक्त त्यावर कंपनीचं नाव आणि छाप घालून विकता येत नाही. सोयाबीन, हरभरा, गहू यांचे सरळ वाण असतील तर घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. मग नवीन आणा. संकरित वाणाचं मात्र घरी राखू नका. दुसऱ्या वर्षी पीक एकसारखं येत नाही.

विकत घेणार असाल तर पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचा. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. पायाभूत बियाण्याची पांढरी. हिरवट चिठ्ठी म्हणजे सत्यदर्शक. तिथे दर्जाची हमी विकणारा स्वतः देतो. चिठ्ठीवर चाचणीची तारीख, वापरायची मुदत आणि उगवणीचा टक्का असतो. चष्मा विसरला असेल तर दुकानातल्या पोराकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही.

पक्की पावती घ्या. तिच्यावर वाण आणि लॉट नंबर लिहिलेला हवा. "बिलाशिवाय दोनशे कमी लावतो" असं कुणी म्हटलं, तर तिथूनच परत फिरा. ते दोनशे रुपये म्हणजे तुमच्या तक्रारीची किंमत.

पोतं फोडाल ते खालच्या बाजूने. चिठ्ठी, रिकामं पोतं, पावती आणि मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही, तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. समिती रानात येऊन पंचनामा करते. त्याआधी रान मोडलंत, तर दाखवायला काहीच उरत नाही. ग्राहक आयोगाचं दारही शेतकऱ्याला उघडं आहे.

बीजप्रक्रिया: स्वस्त, पण सांभाळून

कोंब वर येताना मातीतल्या बुरशीने मरतो. हे टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बीजप्रक्रिया. माप पाकिटावर छापलेलं असतं, तेच घ्या. जास्त घातलं म्हणून जास्त गुण येत नाही.

क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक. सगळ्यात शेवटी जिवाणू खत. जिवाणू जिवंत असतात. ते आधी लावून वर औषध ओतलंत, तर ते मरतात. सोयाबीन, तूर, हरभऱ्याला रायझोबियम लावा. ते मुळांवर गाठी करतं आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतं. बी सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

आता बायामाणसांना आणि घरच्या सगळ्यांनाच सांगतो. औषध लावलेलं बी घरातल्या परातीत, सुपात कालवू नका. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. उरलेलं रंगीत बी कधीही दळू नका, कोंबड्यांना टाकू नका, गुरांना घालू नका. धुतलं तरी विष जात नाही. पोरांच्या हाती लागणार नाही असं ते वेगळं ठेवा.

पहिल्या सरीला भुलू नका

वळवाची एक सर पडते, मातीचा वास येतो, शेजारी तिफण काढतो. आपलाही पाय घरात ठरत नाही. थांबा.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. वरची चार बोटं माती भिजली म्हणजे ओल झाली असं नाही. रानात जाऊन कुदळीने खणून पाहा. ओल वीतभर खाली गेली का? मूठभर माती दाबून गोळा करा. तो सोडल्यावर भुरभुरला तर वाफसा आलाय. चिकटून राहिला तर अजून एक-दोन दिवस थांबा.

बी चार-पाच सेंटीमीटरपेक्षा खोल नको. सोयाबीनला आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन माती फोडावी लागते. खोल पडलेला दाणा वाटेतच दमतो.

घरच्या ताटापुरतं रान

सोयाबीन, कापूस, ऊस यांनी पैसा येतो. पैसा लागतोच. पण सगळं रान बाजाराच्या पिकाला दिलंत, तर भाव पडलेल्या वर्षी पैसाही नाही आणि कणगीही रिकामी. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, पोट भरतं. पण पोराच्या वाढीला डाळ लागते, भाकरी लागते, भाजी लागते.

म्हणून सोयाबीनमध्ये तूर घाला. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. बाजरीत दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर. पावसाने मध्येच ताण दिला, तर एक पीक बसतं, दुसरं उभं राहतं. तुरीचं मूळ खोल जातं. वर्षाची डाळ घरात येते.

रब्बीला थोडी तरी ज्वारी पेरा. आणि ती रान बघून पेरा. ज्वारीच्या बाबतीत आपल्या विद्यापीठांनी इथल्या मातीप्रमाणे वाण दिलेत. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली. मध्यम रानाला फुले सुचित्रा. भारी, खोल काळीला फुले वसुधा, फुले यशोदा किंवा परभणी मोती. जुनी मालदांडी ३५-१ तर तुम्हाला ठाऊकच आहे. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेला हा वाण, अजून लोक भाकरीसाठी तोच मागतात.

हुरड्याला फुले मधुर आहे. लाह्यांना फुले पंचमी, पापडाला फुले रोहिणी. म्हणजे तुमच्या घरात काय खाल्लं जातं, याचा विचार करून कुणीतरी वर्षानुवर्षं कणसं निवडत बसलं होतं. त्या कष्टाचं चीज आपण नाही करायचं तर कुणी?

फुफाट्याच्या हलक्या रानात भारी रानाचा वाण पेरायचा आणि मग "विद्यापीठाचं बी चांगलं नाही" म्हणायचं, हे बरोबर नाही. आधी खड्डा खणा. खाली मुरूम किती हातावर लागतो ते पाहा. मग वाण ठरवा.

पीक घरात आल्यावर

पुढच्या वर्षीचं बी याच वर्षी तयार होतं. उभ्या पिकात फिरा. वेगळ्या जातीची, रोगट झाडं उपटून टाका. चांगला तुकडा दोरी बांधून वेगळा राखा. त्याची कापणी, मळणी वेगळी करा. मळणी यंत्राचा वेग कमी ठेवायला सांगा. यंत्रवाला घाईत असतो. उभं राहून लक्ष द्या. पोतं उंचावरून आपटू नका. सोयाबीनचा कोंब टरफलाला लागूनच असतो. आपटलेला दाणा दिसायला अख्खा दिसतो, पण उगवत नाही.

बी आणि धान्य, दोन्ही चांगलं वाळवा. दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे. पोती जमिनीवर नको, फळ्यांवर ठेवा. भिंतीपासून हातभर दूर. उंच थप्पी नको. पत्र्याखाली नको. खताच्या पोत्यांशेजारी तर मुळीच नको.

खायच्या धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळींना एरंडेलाचा हात, हे आजीचे उपाय अजून चालतात. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात आणू नका. त्यांचा वायू रात्रीतून अख्खं घर झोपेतच संपवतो. हे भीती घालायला सांगत नाही. असं झालेलं आहे.

भुईमुगाच्या शेंगांना बुरशी आली असेल तर त्या निवडून फेकून द्या. त्या तेलालाही नकोत, गुरांनाही नकोत. बुरशीचं विष गुरांच्या दुधात उतरतं आणि तेच दूध तुमचं पोर पितं.

विचारा, आणि बघत राहा

सहायक कृषी अधिकाऱ्याचा (पूर्वीचे कृषी सहायक) नंबर घरात सगळ्यांकडे असू द्या. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात वर्षातून एकदा तरी जा. विद्यापीठाच्या शिवारफेरीला घरच्या बाईलाही न्या. बी निवडणं, राखणं पिढ्यान्‌पिढ्या तिनेच केलंय. तिथे हात वर करून विचारा. माझं रान असं आहे, पाणी इतकं आहे, मला कुठला वाण? भाषण ऐकून परत येऊ नका.

संशोधन फक्त पांढऱ्या डगल्यातली माणसं करतात असंही समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे छोटे शेतकरी होते. १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून एचएमटी तांदूळ आला. तुम्ही बाजारातून तो आणलाही असेल. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांना शेवटपर्यंत पैशांची चणचणच राहिली, ही आपल्या सगळ्यांना खाली बघायला लावणारी गोष्ट आहे. पण त्यांची नजर बघा. शेकडो लोंब्यांत वेगळी लोंबी दिसली, ती रोज रानात गेल्यामुळे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांचं काम मडक्यात आणि डब्यात सुरू झालं, आणि मडकी-डबे तुमच्याही घरात आहेत.

तेव्हा एक वही करा. कुठला वाण, किती तारखेला पेरला, किती उगवला, किती पिकला. चार ओळी पुरतात. तीन वर्षांनी त्या वहीत तुमच्या रानाबद्दल जे असेल, ते कुठल्याही विद्यापीठाच्या पुस्तकात सापडणार नाही.

हे सगळं एका वर्षात होणार नाही. नको व्हायला. यंदा फक्त एक करा. आज संध्याकाळी जेवणं झाली की पोतं उघडा, पोरांना बोलवा आणि ओसरीवर शंभर दाणे मोजा. गोणपाट ओलं करून ठेवा. सातव्या दिवशी जो आकडा येईल, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मगच तिफण बाहेर काढा.